मनोरा कोठे उभारावा? एका प्रश्नाचा इतिहास

वाचकहो, आपल्या खिशातला मोबाईल फोन स्वतः फार दूरवर बोलू शकत नाही. त्याच्या लहरी जवळच्या एखाद्या मनोऱ्यापर्यंत पोहोचतात. पुढचा सारा प्रवास तो मनोरा, तारा आणि यंत्रे मिळून करतात. म्हणजे आपले बोलणे होणार की नाही, हे फोनच्या किमतीपेक्षा मनोरा कोठे उभा आहे यावर अधिक अवलंबून असते. मग ही जागा ठरवतो कोण? जागेचा मालक, अभियंता, कंपनीचा हिशेबनीस, सरकार या सर्वांचा त्यात वाटा आहेच. परंतु गेल्या साठ वर्षांत या मंडळींच्या पंक्तीत आणखी एक जण येऊन बसला आहे. तो म्हणजे गणितज्ञ.

हा गणितज्ञ त्या पंक्तीत कसा आला आणि त्याने काय केले, ते या लेखात थोडक्यात पाहू. “सर, या गणिताचा पुढे उपयोग काय?” असे वर्गात विचारणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा इतिहास आहेच, पण तो पालकांसाठीही आहे. कारण गणित उत्तर अचूक देते, मात्र त्याला प्रश्न घालणारा माणूस असतो, आणि प्रश्न कसा घातला यावर कोणाच्या गावाला काय मिळणार हे ठरते. ही गोष्ट या इतिहासातून जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसेल.

तीन गावे, एक विहीर

प्रश्न तसा जुना आहे. सतराव्या शतकात फ्रान्सच्या फर्माने एक कोडे घातले: तीन बिंदू दिले आहेत, ज्याच्यापासून तिन्ही बिंदूंपर्यंतच्या अंतरांची बेरीज सर्वांत कमी होईल असा चौथा बिंदू शोधा. इटलीच्या तोरिचेल्लीने ते सोडवले. त्रिकोणाचा एकही कोन १२० अंश किंवा त्याहून मोठा नसेल, तर त्या बिंदूपाशी तिन्ही दिशा एकमेकींशी १२० अंशांचा कोन करतात. तीन गावांसाठी एकच विहीर खणायची असेल आणि सर्वांची मिळून पायपीट कमीत कमी व्हावी असे वाटत असेल, तर ती जागा हीच. पुढे १९०९ साली जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर याने हाच विचार कारखान्याच्या जागेला लावला. कच्चा माल एकीकडे, बाजार दुसरीकडे. मग कारखाना कोठे?

संदेशवहनाशी या प्रश्नाची थेट गाठ पडली ती १९६४ साली. एस. एल. हकीमी या संशोधकाने टेलिफोनच्या जोडणी केंद्राची जागा कोणती असावी, यावर एक निबंध लिहिला. त्याने दोन निरनिराळ्या जागांची व्याख्या केली. पहिली जागा अशी की तेथून सर्वांच्या अंतरांची बेरीज कमीत कमी भरते. दुसरी अशी की तेथून सर्वांत दूरच्या माणसाचे अंतर कमीत कमी भरते. वरवर पाहता दोन्ही सारख्याच वाटतात, पण तशा त्या नाहीत. पहिली जागा दाट वस्तीकडे सरकते, कारण बेरजेत संख्येचे वजन पडते. दुसरी जागा कडेच्या एकट्या घराकडे ओढली जाते, कारण तेथे सर्वांत दूरच्या माणसाचेच गाऱ्हाणे ऐकले जाते. दोन्ही उत्तरे गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहेत. कोणते घ्यायचे हे गणित सांगत नाही. वाचकांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

एका उंच मनोऱ्यापासून षट्कोनापर्यंत

आता बिनतारी फोनाकडे वळू. अमेरिकेत सेंट लुई शहरी १९४६ साली मोटारीतून बोलण्याची सेवा सुरू झाली. त्या काळची पद्धत साधी होती: शहरात एक उंच, शक्तिमान मनोरा उभारावा आणि सारे शहर त्याच्या लहरींखाली आणावे. पण यात एक मोठी अडचण होती. लहरींच्या ज्या मोजक्या वारंवारता सरकारकडून मिळत, त्यांतील एकीवर एका वेळी एकच संभाषण चाले, आणि शहरात दुसऱ्या कोणालाही ती वापरता येत नसे. १९७६ साली न्यूयॉर्कसारख्या महानगरात बेल कंपनीच्या या सेवेला अवघ्या १२ मार्गिका होत्या. ग्राहक होते ५४३, आणि रांगेत ताटकळणारे हजारो.

या अडचणीवरचा उपाय कागदावर मात्र फार आधी तयार होता. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेतील डी. एच. रिंग याने एका टिपणात सुचवले की एका उंच मनोऱ्याऐवजी अनेक बुटके, कमी शक्तीचे मनोरे उभारावेत. प्रत्येकाने आपल्यापुरता लहानसा प्रदेश सांभाळावा. असे केल्याने एकच वारंवारता थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येईल. या लहान प्रदेशाला ‘सेल’ म्हणजे पेशी हे नाव पडले आणि त्यावरूनच ‘सेल्युलर फोन’ हा शब्द रूढ झाला.

पेशीचा आकार कागदावर षट्कोनी काढतात, मधमाशीच्या पोळ्यासारखा. हा केवळ शोभेचा भाग नव्हे. मनोऱ्याची पोच साधारण वर्तुळाकार असते. वर्तुळांनी जमीन पूर्ण झाकायची तर ती एकमेकांवर थोडी चढणारच. कमीत कमी चढवून सारी जमीन झाकायची असेल तर वर्तुळांचे मध्य षट्कोनी जाळ्यात ठेवावेत, हे १९३९ साली कर्शनर या गणितज्ञाने सिद्ध केले होते. तरीही सुमारे २१ टक्के झाकण जादा लागतेच. त्याहून काटकसर शक्य नाही.

राहिला वारंवारता वाटण्याचा प्रश्न. तो विद्यार्थ्यांना परीक्षेच्या हॉलवरून चटकन समजेल. शेजारच्या बाकावरचे बघून लिहू नये म्हणून प्रश्नपत्रिकेचे अ, ब, क असे संच काढतात आणि शेजाऱ्याला शेजाऱ्याचा संच येणार नाही असे वाटतात. एखाद्याची नजर दोन बाकांपलीकडेही पोहोचत असेल तर अधिक संच लागतात. मनोऱ्यांचेही तसेच आहे. शेजारच्या दोन मनोऱ्यांनी एकच वारंवारता वापरली तर एकाचे बोलणे दुसऱ्यात मिसळते. षट्कोनी जाळ्यात नेमके किती संच चालतात याचे सूत्र शाळेतील मुलालाही वापरता येईल: दोन पूर्ण संख्या घ्या, दोघींचे वर्ग करा आणि त्यांत दोघींचा गुणाकार मिळवा. २ आणि १ घेतल्यास ४ अधिक १ अधिक २, म्हणजे ७. अमेरिकेतील पहिल्या सेल्युलर जाळ्याच्या आराखड्यात ही सात संचांची मांडणी प्रसिद्ध झाली. शिकागो शहरात १९७८ साली या जाळ्याची चाचणी झाली आणि १३ ऑक्टोबर १९८३ रोजी तेथे ते ग्राहकांसाठी खुले झाले. टिपणापासून सेवेपर्यंत ३६ वर्षे लागली.

जमीन षट्कोनी नसते

कागदावर षट्कोन शोभून दिसतो. पण जमिनीवर डोंगर असतात, खाडी असते, सिमेंटच्या इमारती असतात. जपानी अभियंता ओकुमुरा याने टोकियो व आसपासच्या भागात प्रत्यक्ष मोजमापे घेऊन १९६८ साली लहरी कोठे किती क्षीण होतात याचे आलेख प्रसिद्ध केले. १९८० साली हाता याने त्या आलेखांना सूत्रांचे रूप दिले. शहर, उपनगर आणि मोकळा मुलूख यांसाठी वेगवेगळी सूत्रे निघाली. आता कोणत्या जागी मनोरा उभारला तर कोणती वस्ती त्याच्या पोचेत येईल, याचा अंदाज जागेवर न जाताही बांधता येऊ लागला.

येथून पुढे खरे कोडे सुरू होते. समजा, एका जिल्ह्यात मनोऱ्यासाठी १०० जागा मिळण्यासारख्या आहेत आणि त्यांतून ३० निवडायच्या आहेत. किती प्रकारे निवडता येतील? उत्तर २६ अंकी संख्या आहे. सेकंदाला १०० कोटी निवडी तपासणारे यंत्र बसवले तरी सर्व तपासायला सुमारे ९३ कोटी वर्षे लागतील. म्हणून ‘सगळे करून पाहू’ हा मार्ग बंद.

दुसरा मार्ग व्यवहारी माणसाला सुचतो: ज्या मनोऱ्याने सर्वांत जास्त वस्ती झाकली जाते तो आधी उभारा, मग उरलेल्यांत जास्त झाकणारा, आणि असेच पुढे. हा मार्ग पुष्कळदा बरा असतो, पण फसवतोही. एका रस्त्यावर ओळीने सहा सारखी गावे आहेत असे समजा. मधल्या जागेवरून दुसरे ते पाचवे अशी चार गावे झाकली जातात. डावीकडच्या जागेवरून पहिली तीन आणि उजवीकडच्या जागेवरून शेवटची तीन झाकली जातात. व्यवहारी माणूस मधला मनोरा आधी घेतो आणि मग दोन टोकांच्या दोन गावांसाठी आणखी दोन उभारतो, एकूण तीन. मुळात डावा आणि उजवा असे दोनच पुरले असते. विद्यार्थ्यांनी हे वहीत रेखाटून पाहावे.

तेव्हा सगळे तपासणे अशक्य आणि घाईची निवड धोक्याची. यांच्या मधली वाट काढणाऱ्या गणिताला इष्टतम निवडीचे गणित म्हणता येईल. यात उद्दिष्ट आणि अटी समीकरणांत मांडतात. १९४७ साली अमेरिकेत जॉर्ज डँट्झिगने अशी समीकरणे सोडवण्याची ‘सिम्प्लेक्स’ नावाची रीत दिली. पण मनोरा अर्धा उभारता येत नाही. तो एक तरी असतो नाहीतर नसतो. अशा ‘आहे किंवा नाही’ स्वरूपाच्या प्रश्नांसाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोन स्त्री-संशोधकांनी १९६० साली एक रीत प्रसिद्ध केली. आपल्या मुलींना त्यांची नावे अवश्य सांगावीत. त्यांची कल्पना माळ्याच्या छाटणीसारखी आहे. ‘ही जागा घेतली’ आणि ‘ही जागा सोडली’ अशा प्रश्नाच्या दोन फांद्या करायच्या, मग त्यांच्या आणखी फांद्या. एखाद्या फांदीवर कितीही पुढे गेलो तरी हातातल्या उत्तरापेक्षा सरस काही मिळणार नाही असे सिद्ध झाले, की ती सबंध फांदी छाटून टाकायची. अशा रीतीने कोट्यवधी निवडी न पाहताच बाद होतात. अशा पायरीपायरीच्या रीतीला आज ‘अल्गोरिदम’ म्हणतात. आणि हा शब्दच मुळी नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रंथरचना करणाऱ्या अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला आहे.

ही रीत प्रत्येक वेळी झटपट उत्तर देईलच असे मात्र नाही. १९७२ साली रिचर्ड कार्प याने एकवीस अवघड कोड्यांची यादी देऊन ती सर्व एकाच कुळातली आहेत असे दाखवले. कमीत कमी जागांनी सर्व झाकणे आणि कमीत कमी संचांत वाटणी करणे, ही आपली दोन्ही कोडी त्या यादीत आहेत. या कुळातील कोड्यांना सदैव चालणारी जलद रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही.

‘सर्वांना’ की ‘जास्तीत जास्त लोकांना’?

आता हकीमीने दाखवलेला तो दुहेरी प्रश्न पुन्हा समोर येतो. १९७१ साली तोरेगास, स्वेन, रेव्हेल आणि बर्गमन या चौघांनी आग विझवणाऱ्या बंबांसारख्या तातडीच्या सेवांची केंद्रे कोठे असावीत, याचा विचार मांडला. त्यांची अट अशी की प्रत्येक वस्ती कोणत्या ना कोणत्या केंद्राच्या ठरलेल्या टप्प्यात आलीच पाहिजे. आता सांगा, कमीत कमी किती केंद्रे लागतील? तीन वर्षांनी, १९७४ साली, चर्च आणि रेव्हेल यांनी दुसरा प्रश्न मांडला: केंद्रे किती परवडतात ते ठरलेले आहे, तेवढ्यात जास्तीत जास्त किती लोक झाकता येतील?

दोन्ही प्रश्न मनोऱ्यांना जसेच्या तसे लागू पडतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सहा वस्त्या आहेत. त्यांची लोकसंख्या ८,०००, २,०००, १,५००, ९००, ४०० आणि २००, एकूण १३,०००. पहिल्या टेकडीवरून पहिल्या दोन वस्त्या, दुसरीवरून पुढच्या दोन आणि तिसरीवरून शेवटच्या दोन पोचेत येतात. पहिला प्रश्न विचाराल तर उत्तर येईल: तीन मनोरे. दुसरा प्रश्न विचारून ‘पैसे दोनच मनोऱ्यांचे आहेत’ असे सांगाल तर उत्तर येईल: पहिला आणि दुसरा. लोक झाकले गेले १२,४००, म्हणजे ९५ टक्क्यांहून अधिक. अहवालात हा आकडा भरघोस दिसतो. पण वस्त्या मोजाल तर सहापैकी दोन, म्हणजे एक तृतीयांश, अंधारात राहिल्या. आणि ध्यानात घ्या, हेच गणित पुन्हा पुन्हा केले तर दर वेळी त्याच दोन वस्त्या सुटतात. यात कोणाचे वैर नाही आणि गणिताची चूकही नाही. विचारलेल्या प्रश्नाचे ते खरे उत्तर आहे.

दुसरा प्रश्न मुळातच वाईट, असेही कोणी समजू नये. पैसा मर्यादित असतो ही वस्तुस्थिती आहे, आणि ती मान्य करून जास्तीत जास्त लोकांचे भले पाहणे हे शहाणपणच आहे. प्रश्न इतकाच की उरलेल्यांची पाळी कधी येणार, हे त्या कागदावर कोठे लिहिलेले आहे काय?

जर्मनीतील अनुभव

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, ते जर्मनीत नीट पाहायला मिळते. तेथे १९९२ साली नव्या अंकीय पद्धतीची, म्हणजे जीएसएमची, जाळी सुरू झाली. १९९४ साली ई-प्लस ही कंपनी मैदानात उतरली. तिच्या सहकार्याने बर्लिनच्या त्सूझे केंद्रातील मार्टिन ग्रोट्शेल, आंद्रेआस आयझेनब्लेटर आदी गणितज्ञांनी वारंवारता वाटपाचा प्रश्न हाती घेतला. त्यांचा एक महत्त्वाचा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. प्रक्षेपक हजारोंनी आणि वारंवारता मोजक्या, त्यामुळे मिसळ शून्यावर आणणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी प्रश्न बदलला: एकूण मिसळ कमीत कमी होईल अशी वाटणी करा. त्याचबरोबर ‘याहून कमी मिसळ कोणालाही करता येणार नाही’ अशी खालची मर्यादाही ते गणिताने काढू लागले. यामुळे आपले उत्तर आदर्शापासून जास्तीत जास्त किती दूर असू शकते, हे सांगता येऊ लागले. अनुभवी अभियंत्याचा अंदाज आणि गणित यांत हाच मोठा फरक आहे.

पुढे तिसऱ्या पिढीचे यूएमटीएस जाळे आले. २००० सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील त्याच्या लिलावात सहा कंपन्यांनी मिळून सुमारे ९९ अब्ज मार्क मोजले. या जाळ्याची एक गंमत होती. यात अनेक जण एकच वारंवारता एकाच वेळी वापरत, त्यामुळे प्रत्येकाचे बोलणे इतरांना गोंगाट वाटे. लग्नाच्या मांडवात गर्दी वाढली की शेजारच्याचेच काय ते ऐकू येते, तद्वत वापर वाढला की मनोऱ्याची पोच आखडे आणि गर्दी ओसरली की पसरे. ‘पेशी श्वास घेते’ असे अभियंते म्हणत. मनोऱ्याची पोच स्थिर धरणारे जुने गणित येथे अपुरे पडले. २००१ ते २००३ या काळात युरोपीय साह्याने ‘मोमेंटम’ नावाचा प्रकल्प चालला. त्यात बर्लिन, लिस्बन आणि हेग या शहरांचे नमुने घेऊन मनोऱ्यांच्या जागा, अँटेनांची दिशा आणि त्यांचा कल ठरवण्याचे नवे गणित उभारले गेले.

आता अटी पाहू. २००० सालच्या परवान्यात अट होती ती लोकसंख्येची: २००३ अखेर २५ टक्के आणि २००५ अखेर ५० टक्के लोकांपर्यंत जाळे पोहोचले पाहिजे. सहा वस्त्यांचे उदाहरण आठवा. अट लोकसंख्येच्या टक्क्यात मांडली की मनोरे आधी मोठ्या शहरांत उभे राहणार हे उघडच आहे. त्यात इतका पैसा मोजलेल्या कंपन्या तो लवकर वसूल होईल तेथेच आधी जाणार.

दहा वर्षांनी, २०१० साली, तेथील संघीय नियामक संस्थेने ८०० मेगाहर्ट्झच्या लहरींचा लिलाव केला. पूर्वी दूरदर्शन प्रक्षेपणासाठी असलेल्या या लहरी दूरवर पोहोचतात. या वेळी अट उलटी लावण्यात आली. राज्याराज्यांनी वंचित गावांच्या याद्या दिल्या. आधी ५,००० पर्यंत वस्तीची गावे, मग २०,००० पर्यंतची, मग ५०,००० पर्यंतची आणि सर्वांत शेवटी मोठी शहरे, असा क्रम बांधून दिला गेला. एका राज्यातील एका पायरीवरच्या ९० टक्के लोकांना सेवा मिळाल्याखेरीज तेथे पुढची पायरी चढायची नाही.

वाचकहो, २००० आणि २०१० यांच्यामध्ये काय बदलले? संगणक वेगवान झाले, सूत्रे सुधारली, हे खरे. परंतु खेड्याची पाळी आधी आली ती सूत्रामुळे नव्हे. एका माणसाने कागदावर एक अट लिहिली, आणि गणिताने ती इमानाने पाळली. यूएमटीएसची ती महागडी जाळी २०२१ साली जर्मनीत बंदही झाली. धडा मात्र शिल्लक आहे.

आपल्यासाठी काय?

आपल्या देशातही हा प्रश्न याच वाटेने गेला. मोबाईल सेवेचा पहिला संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली या दोन महानगरांमध्ये झाला. दूरच्या भागांसाठी २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी उभा राहिला. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गांवांसाठी. पहिल्या संवादानंतर २७ वर्षांनी! ही गावे म्हणजे आपल्या उदाहरणातल्या शेवटच्या दोन वस्त्याच होत. त्यांना वगळा असे कोणीही म्हटले नव्हते; त्यांना घ्याच, अशी अट तेवढी लिहायची राहिली होती.

विद्यार्थी मित्रहो, हे गणित केवळ मनोऱ्यांचे नाही. शाळा कोठे काढावी, दवाखाना कोठे असावा, एस.टी.चा थांबा कोणत्या फाट्यावर हवा, हे सर्व याच कुळातले प्रश्न आहेत. एखाद्या योजनेत ‘९५ टक्के लाभ’ असे वाचाल तेव्हा दोन गोष्टी विचारा: हे टक्के कशाचे, आणि उरलेले पाच कोण? हे विचारायला मोठी पदवी लागत नाही, शेकडेवारी पुरते. पण त्याचे उत्तर शोधायला आणि ‘ही अट घाला, एवढ्या खर्चात हे शक्य आहे’ असे सप्रमाण दाखवायला मात्र गणित शिकलेली माणसे लागतात. तक्रार करणाऱ्याला बहुधा ‘पाहू’ असे उत्तर मिळते. आराखडा मांडणाऱ्याशी मात्र चर्चा करावी लागते.

तेव्हा पालकहो, आपली मुलगी किंवा मुलगा दहावीनंतर गणित घेऊ का असे विचारील, तेव्हा ‘अवघड आहे, सोडून दे’ असे चटकन म्हणू नका. जेथे जागा ठरतात त्या पंक्तीत आपल्या वस्तीतलेही कोणी बसलेले असावे. शेवटच्या टेकडीपलीकडे कोण राहते, हे त्याला नकाशा न पाहताही ठाऊक असेल.